चूक ऐकणाऱ्याची

श्री. अंबादास मल्लेशम कोंगारी यांची आणि माझी ओळख एका वादातून झाली. सोलापुरात सात रस्त्याजवळ तेव्हा कॅसेट भरून देणारे एक दुकान होते. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नुकतीच गिटार हातात आली होती आणि आपल्याला संगीतातले बरेच कळते असा माझा समज होता. या अल्बममधले एक, त्या अल्बममधली दोन, अशी निवडक गाणी एका कॅसेटवर भरून घ्यायला मी यादी घेऊन गेलो होतो. शेजारी कारखान्याचा खाकी शर्ट घातलेले, पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी माझी यादी वाकून वाचली आणि विचारले, की या अल्बममधले आठवेच गाणे का? मी म्हणालो, तेवढेच चांगले आहे, आधीची सात कंटाळवाणी आहेत. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "सात ऐकून आठव्याला आलास, म्हणून ते ग्वाड लागलं की. नुसतं आठवं भरून ने आणि महिन्यानं मला सांग."

महिन्याने मी त्यांना शोधत गेलो. गाणे खरोखरच फिके पडले होते. दुकानदाराने सांगितले, की ते आपले अण्णा, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत आणि रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या घरी गाणी ऐकायला कोणीही जाऊ शकते. मी गेलो. त्या रविवारपासून आजपर्यंत मी त्यांना अण्णाच म्हणत आलो आहे, आणि या गौरवग्रंथाचे बहुतेक वाचकही त्यांना याच नावाने ओळखतात.

अण्णांना पंचाहत्तरावे वर्ष लागले, त्या निमित्ताने गौरव समितीने मला 'अण्णा आणि स्वतंत्र रॉक संगीत' या विषयावर लिहायला सांगितले. सोलापूरच्या विणकर घरात जन्मलेले, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारे, मॅट्रिकनंतर थेट कारखान्यात गेलेले अण्णा या वाटेला कसे लागले, हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. कारखान्यात परदेशी माग बसवायला तिकडचाच एक जोडारी, म्हणजे फिटर, आला होता. तो तीन महिने राहिला आणि जाताना एक खोकाभर कॅसेट अण्णांपाशी ठेवून गेला. त्याच्या गावाकडच्या छोट्या छोट्या बँडनी स्वतःच्या खर्चाने, कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या तळघरात भरलेल्या त्या कॅसेट होत्या. अण्णांना शब्द कळत नव्हते. पण ही माणसे कुणाला विचारून वाजवत नाहीत एवढे कळले, असे ते सांगतात. पुढे वर्षानुवर्षे त्यांनी अशाच बँडचे अल्बम मिळेल तिथून मिळवले, आणि आपल्याकडे मराठीत, हिंदीत, कानडीत अशी पोरे वाजवायला लागली तेव्हा त्यांचेही अल्बम त्याच आस्थेने ऐकले.

कारखान्यात अण्णा तपासणी विभागात होते. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून टॉवेलचा कपडा सरकत जाई आणि दोष दिसला की अण्णा तिथे खडूने गोल करीत. कपडा थांबवायचा नाही, विणकराला सगळ्यांदेखत बोलायचे नाही, गोल करायचा आणि पुढे जायचे. त्यांचे ऐकणेही तसेच होते. रविवारच्या बैठकीत अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लागे. मध्ये बोलणे नाही, उठणे नाही. कॅसेटची बाजू बदलायला जेवढा वेळ जाई तेवढाही अल्बमचाच भाग, असे ते मानत. अल्बम संपला की वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, चहा आणीत, आणि चहा होईपर्यंत कोणी मत द्यायचे नाही. मग बैठकीत सर्वांत नवा जो असेल त्याने आधी बोलायचे आणि अण्णांनी सर्वांत शेवटी. आपले मत आधी ऐकले तर बाकीचे तेच बोलतील, एवढाच त्यामागचा विचार होता. मी पहिल्या रविवारी काहीतरी बडबडलो. ते अण्णांनी वहीत लिहून घेतले याची मला अजून लाज वाटते.

त्यांची मते ठाम होती आणि आजही आहेत. स्वतंत्र बँड म्हणजे काय, असे एकदा कुणी विचारले तेव्हा ते म्हणाले, की कुणी सांगितले म्हणून ज्याने गाणे छोटे केले नाही आणि कुणी टाळ्या वाजवल्या म्हणून मोठे केले नाही, तो स्वतंत्र. लांबलचक गिटारवादनाचे त्यांना वावडे होते. मी एकदा घाम येईपर्यंत बोटे चालवली, तर ते म्हणाले, "बोटं पळतायत, गाणं जाग्यावरच हाय." परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणाऱ्या एका कॉलेजच्या बँडबद्दल त्यांनी लिहिले होते, की माल निर्दोष आहे, पण माग दुसऱ्याचा आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमाला ते नेहमी सर्वांत मागे, आवाजाच्या यंत्रावर बसलेल्या माणसाशेजारी उभे राहत. पुढे उभे राहिले की बँड दिसतो, मागे उभे राहिले की ऐकू येतो, हे त्यांचे म्हणणे मी आता माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. त्यांची सगळीच मते मला पटतात असे नाही. गाण्याच्या शब्दांना ते पुरेसे महत्त्व देत नाहीत आणि कीबोर्ड या वाद्यावर त्यांचा काहीतरी जुना राग आहे. पण न ऐकता त्यांनी कधी मत दिले नाही, आणि हे वाक्य मी मुद्दाम लिहीत आहे.

महिन्यातून एकदा ते आपली मते हाताने लिहून, झेरॉक्स काढून, चार पानांचे एक पत्रक करीत. नाव होते 'ऐकलेले'. ते पुण्याला, कोल्हापूरला, मुंबईला टपालाने जाई. ज्या बँडबद्दल लिहिले असेल त्याला तो मजकूर छापण्याआधी चार दिवस पाठवायचा आणि उत्तर आले तर तेही छापायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. विणकराला आधी सांगितल्याशिवाय साहेबाला सांगायचे नाही, हा तपासणी टेबलावरचा नियम त्यांनी इथे आणला होता.

आता आमच्या बँडविषयी सांगतो. आम्ही तिघे होतो. मी गिटार वाजवीत आणि गात असे. अक्कलकोटकडचा शिवानंद बेस गिटार वाजवी, आणि ड्रमवर मुश्ताक होता. मुश्ताकचे वडील रिक्षा चालवीत. बँडचे नाव 'भोंगा'. आम्हाला सरावाला जागा नव्हती, कारण ड्रमचा आवाज कोणत्याही घराला सोसत नाही. अण्णांनी आपल्या घरामागची खोली आम्हाला दिली. कारखान्यातले नाकारलेले टॉवेल त्यांनी रीतसर परवानगीने आणले आणि चारही भिंतींवर, छतालासुद्धा, दुहेरी तिहेरी करून ठोकले, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. त्या टॉवेलांवर अण्णांच्याच हातचे खडूचे गोल होते. आम्ही दोन वर्षे त्या गोलांच्या मध्ये उभे राहून वाजवले.

मुश्ताकवर अण्णांचा विशेष जीव होता. ड्रम वाजवणाऱ्याचा पाय बघावा, हात सगळ्यांचेच चालतात, असे ते म्हणत, आणि मुश्ताकचा पाय त्यांना फार आवडे. मुश्ताकच्या वडिलांना मात्र हे ढोल बडवणे मुळीच पसंत नव्हते. त्यांनी ते बंद करायला सांगितले तेव्हा अण्णा कारखान्यातून सुटून थेट त्यांच्या घरी गेले. समजूत घातली नाही, संगीताचे महत्त्व सांगितले नाही. एवढेच म्हणाले, की एकदा येऊन अर्धा तास बसा, नाही आवडले तर मी स्वतः ड्रम तुमच्या रिक्षात घालून देतो. वडील आले, टॉवेलांच्या खोलीत खुर्चीवर बसले, अर्ध्या तासाचा तास झाला, आणि जाताना मुलाला म्हणाले, की डावा हात जरा मागे पडतो. मुश्ताक त्या दिवशी अण्णांच्या पाया पडला. त्यानंतर एकही रविवार त्याने चुकवला नाही.

दोन वर्षांनी आम्ही आमचा अल्बम केला. 'कामाचा दिवस' हे त्याचे नाव. पहिल्या बाजूवर सकाळचा भोंगा, सायकलवरून कामाला जाणे, माग सुरू होणे, दुपारची भाकरी. दुसऱ्या बाजूवर दुपारनंतरची सुस्ती, पाळी सुटणे, घरी येणे, झोप. एका माणसाचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत. कॅसेटबरोबरचा कागद छापून घेतला होता, त्यावर फक्त अल्बमचे आणि आमचे नाव होते, गाण्यांचा क्रम नव्हता, पण कॅसेटवर चिकटवायची लेबले हातानेच लिहायची होती. एका बाजूला 'एक', दुसऱ्या बाजूला 'दोन'. हे काम मी मागून घेतले. मुश्ताक म्हणाला होता, की शिवानंदला करू दे, तू धांदरट आहेस. त्याच्या आधीच्याच कार्यक्रमात मी गिटारची वायर घरी विसरून आलो होतो, त्यामुळे त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मला ते लागले, आणि मी हट्टाने सगळ्या कॅसेट घरी नेल्या. बाकीच्या नीट झाल्या. अण्णांना द्यायच्या कॅसेटसाठी मात्र मी खास काळ्या शाईने, वळणदार अक्षरात वेगळी लेबले लिहिली आणि घाईघाईत ती उलट्या बाजूंना चिकटवली.

कॅसेट अण्णांना दिली. त्यांनी ती नेहमीसारखी तीनदा ऐकली. लेबलावर 'एक' लिहिले होते ती बाजू त्यांनी आधी लावली, कारण बँडने दिलेला क्रम ऐकणाऱ्याने बदलायचा नाही हा त्यांचा नियम होता. दुसऱ्या कुणी ऐकले असते तर थोड्याच वेळात त्याला काहीतरी चुकल्याचे वाटले असते आणि त्याने कॅसेट उलटून पाहिली असती. अण्णांनी आयुष्यभर असे अल्बम ऐकले होते ज्यात गोष्ट मुद्दाम मागून पुढे सांगितलेली असे. त्यांना वाटले, पोरांनी तसेच काही केले आहे.

त्यांचा मजकूर माझ्या हातात आला तो शिरस्त्याप्रमाणे छापण्याच्या चार दिवस आधी. पहिल्या परिच्छेदात मुश्ताकच्या वादनाचे कौतुक होते. दुसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, की या अल्बमातला माणूस आधी घरी येऊन झोपतो आणि मग भोंगा ऐकून कामाला निघतो. अल्बम भरदुपारी, भाकरीवर येऊन थांबतो, त्याला शेवटच नाही. दिवस मधून कापून उलटा शिवला आहे. ही चलाखी आहे, आणि या तिघांकडून चलाखीची अपेक्षा नव्हती.

ते वाचताच काय झाले ते मला कळले. अण्णांच्या घरापर्यंत सायकलने दहा मिनिटे लागत. माझ्याकडे चार दिवस होते. मी गेलो नाही. गेलो असतो तर मुश्ताकला सांगावे लागले असते की तू म्हणालास ते खरे होते, आणि ते मला नको होते. शिवाय 'चलाखी' हा शब्द मला झोंबला होता. दोन वर्षे आपल्या भिंतींमध्ये वाजवणाऱ्यांना अण्णांनी ओळखू नये का, असे मी स्वतःला सांगितले, आणि माझा दोष त्यांच्या अंगावर टाकून मोकळा झालो. मजकूर मी कुणाला दाखवलाही नाही. पत्रक किती लोक वाचतात, असेही मनाशी म्हटले.

पुण्यात अशा बँडचा एक दिवसभराचा कार्यक्रम करणारे एक गृहस्थ होते. आम्हाला त्यांनी जवळजवळ बोलावलेच होते. अल्बम त्यांनी ऐकलेला नव्हता. ते अण्णांच्या पत्रकावर विसंबून असत. पत्रक पोहोचले आणि आठवड्यात त्यांचे सभ्य भाषेतले पत्र आले, की यंदा नाही, पुढे बघू. सोलापूरच्या बाहेर वाजवण्याची आमची ती पहिली संधी होती. पुढे दुसरी आली नाही.

मुश्ताकने पत्र वाचले, मग पत्रक वाचले. संध्याकाळी वडिलांची रिक्षा घेऊन तो अण्णांच्या घरी आला. मी आणि शिवानंद मागच्या खोलीतच होतो. त्याने एकेक ड्रम सोडवून रिक्षात नेऊन ठेवला. अण्णा दारात उभे होते. ते त्याला म्हणाले, की काही चुकले असेल तर सांग, मी छापतो. मुश्ताकने शेवटचा ड्रम उचलला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तुमे सुनेच नै, अण्णा."

तुम्ही ऐकलेच नाही. अण्णांना याहून मोठी शिवी कुणाला देता आली नसती. अण्णांनी दारातून बाजूला होऊन त्याला वाट दिली. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो, माझ्या हातात गिटार होती, आणि मी काही बोललो नाही.

आम्ही शिवानंदच्या मामाच्या गोदामात सराव सुरू केला. पाचएक महिन्यांनी इथल्याच एका कॉलेजच्या सभागृहात, दुपारच्या वेळी, आमचा कार्यक्रम झाला. 'कामाचा दिवस' आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. अण्णा मागे, आवाजाच्या यंत्राशेजारी उभे असलेले मला मंचावरून दिसले. भोंग्याने सुरुवात झाली तेव्हा त्यांनी मान वर केली. झोपेचे शेवटचे गाणे संपेपर्यंत ते हलले नाहीत. संपल्यावर कोणाला न भेटता निघून गेले.

पुढच्या महिन्याच्या पत्रकात पहिल्याच पानावर चार ओळी होत्या. 'भोंगा' या बँडच्या अल्बमवर दिलेले मत मागे घेत आहे. ऐकताना बाजू उलटी लागली. चूक ऐकणाऱ्याची. त्याखाली नवे मत होते, दोन पाने भरून, आणि तसे मत त्यांनी आधी किंवा नंतर कोणत्याही बँडला दिल्याचे मला आठवत नाही. तिसरे गाणे लांबले आहे, हे मात्र त्यात होतेच.

ज्या माणसाची सारी पत ऐकण्यावर उभी होती, त्याने आपल्याला कॅसेटची बाजूही नीट लावता आली नाही असे स्वतःच्या हाताने लिहून गावोगाव पाठवले. लोक हसले. कोल्हापूरच्या एकाने टोमणे मारणारे पत्र पाठवले, तेही अण्णांनी शिरस्त्याप्रमाणे छापले. पुण्याच्या गृहस्थांनी पत्रक घेणे बंद केले. मुश्ताकने त्या चार ओळी वाचल्या आणि म्हणाला, की बघ, मी सांगितले नव्हते का. आपण धरलेला राग बरोबरच होता, असे त्याला त्या ओळींनीच पटवून दिले.

बँड दीड वर्षाने थांबला, तो कोणत्याही मतामुळे नव्हे. शिवानंदला कर्नाटकात नोकरी लागली, मी शिक्षक झालो, मुश्ताकने वडिलांच्या रिक्षावरून सुरुवात करून चिंचोळीला टेम्पोंचा व्यवसाय उभा केला. मी पुन्हा रविवारी अण्णांकडे जायला लागलो. त्यांनी मला कधी काही विचारले नाही. मुश्ताक मात्र कधीच आला नाही. वहिनी गेल्या तेव्हा तो आला होता, पण फाटकाबाहेर उभा राहून, कुणाशी न बोलता परत गेला. अण्णांनी त्याला पाहिले होते. त्या दिवशी तरी मी बोलायला हवे होते.

अण्णांची पुढची वाटचाल या ग्रंथात इतरांनी लिहिली आहे. निवृत्तीनंतर ते जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. आता नवी पोरे त्यांना मोबाईलवर अल्बम पाठवतात, आणि सुटी गाणी सोडून पूर्ण अल्बम काढणाऱ्या पोरांचे त्यांना अजून कौतुक आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना कानाला यंत्र लावावे लागले. तेव्हापासून ते प्रत्येक मताखाली एक ओळ लिहितात, की मत देणाऱ्याला वरच्या पट्टीतले कमी ऐकू येते, झांजांविषयीचे म्हणणे जपून घ्यावे. इतके सरळ वाक्य मी तरी दुसऱ्या कुठल्या समीक्षेत वाचलेले नाही.

समितीचे पत्र आले तेव्हा मी ठरवले, की लिहायचे तर हे लिहायचे, नाहीतर लिहायचेच नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी मी अण्णांकडे गेलो आणि इतक्या वर्षांनी सगळे सांगितले. लेबलाचे, चार दिवसांचे, मुश्ताक ड्रम नेत असताना गप्प उभा राहिल्याचे. अण्णांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "लेबल तुझ्या अक्षरातलं हाय. कार्यक्रमावरनं घरी येऊन कॅसेट बघितली, तवाच कळालं की."

मी विचारले, मग माझे नाव का घेतले नाही.

"मुश्ताक तापलेला होता. तुझं नाव घेतलं असतं तर तो तुझ्याबरोबर वाजवला नसता. बँड मोडला असता. माझं काय, मी दुसरा अल्बम ऐकला असता." मग म्हणाले, "आन् ते खोटंबी न्हाय. 'एक' लिवलेल्या बाजूची फीत सुरवातीला गुंडाळलेली नव्हती, शेवटाला होती. माणूस झोपून मग कामाला गेला. मला शंका यायला पायजे होती. मी तुमाला चलाख समजलो. ती चूक माझीच हाय."

हे सारे ग्रंथात छापायला त्यांनी हरकत घेतली नाही. एकच अट घातली. मुश्ताकने हे छापलेले वाचू नये, त्याला आधी तोंडाने सांगायचे. अण्णांनी बोलावले आहे, असे मात्र सांगायचे नाही.

दुसऱ्याच दिवशी मी चिंचोळीला गेलो. मुश्ताक एका भरलेल्या टेम्पोवर ताडपत्री बांधत होता. त्याचे केस पांढरे झाले आहेत. मी उभ्या उभ्याच सांगितले. तो दोरी आवळत राहिला. गाठ मारून झाल्यावर त्याने हात पुसले आणि विचारले, "मी त्यांना काय बोललो होतो, ध्यानात हाय का तुझ्या?"

मी हो म्हणालो.

"तू तितंच उभा होतास."

त्यालाही मी हो म्हणालो. त्याने खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले. मग म्हणाला, की आपले दोघांचे नंतर बघू, आधी अण्णांचा पत्ता दे. अण्णा जुळे सोलापुरात कुठे राहतात हेही त्याला माहीत नव्हते. मी कागदावर लिहून दिला. त्याने हाताखालच्या माणसाला टेम्पो सोडायला सांगितला आणि स्कूटर काढून निघाला. मला चल म्हणाला नाही.

तिथे दोघांत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. संध्याकाळी अण्णांचा फोन आला. म्हणाले, मुश्ताक आला होता, चार तास बसला, दोघांनी मिळून 'कामाचा दिवस' ऐकला. यंत्र लावूनही झांजा नीट ऐकू येईनात, म्हणून कोणती झांज कधी वाजते ते मुश्ताकने त्यांच्या गुडघ्यावर बोटाने वाजवून दाखवले.  

अण्णांना पंचाहत्तराव्या वर्षाच्या शुभेच्छा देताना मी इतर लेखकांपेक्षा थोडे जास्त मागणार आहे, कारण मला त्याची जास्त गरज आहे. एका शिष्याने आपल्या गुरूकडे जायचे जे रविवार माझ्या गप्प बसण्यामुळे गेले, ते वीस-बावीस वर्षांचे आहेत. तेवढे सगळे रविवार अण्णांना पुढे मिळोत, प्रकृती धडधाकट राहो, आणि त्यांपैकी प्रत्येक रविवारी मुश्ताक त्यांच्या शेजारी बसलेला असो. तिथे माझ्यासाठी जागा ठेवायची की नाही, ते मुश्ताकने ठरवावे.